ज्याच्यावर सगळे नाराज, तोच पुन्हा निवडून कसा येतो?

सांजवारा

मला एका गोष्टीचा उलगडा हवाय. एखाद्या देशाच्या नेत्यावर लोक वैतागलेले असतात. चाचण्या तेच सांगतात, वार्ताहर तेच लिहितात, मोर्चे निघतात. मग निवडणूक होते आणि तोच माणूस परत खुर्चीवर बसतो.

फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरपासून पिवळी जाकिटं घातलेले लोक महिनोन्‌महिने मॅक्राँविरुद्ध रस्त्यावर उतरत होते. २०२२ साली दुसऱ्या फेरीत त्याच मॅक्राँना ५८.५५ टक्के मतं पडली. तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर सरकारी आकड्यांनुसारसुद्धा ८५ टक्क्यांच्या वर गेला होता. फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात तिथे पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली, मदत वेळेवर पोचली नाही म्हणून प्रचंड संताप होता. आणि मे महिन्यात निवडून आले एर्दोआनच.

'लोकांना कळत नाही' हे उत्तर मला नकोय. कोट्यवधी माणसं काहीतरी विचार करूनच मत देत असणार. मग त्यांची नाराजी मतदानाच्या दिवशी जाते कुठे? चाचण्या चुकतात, की लोक चाचणीवाल्यांना एक सांगतात आणि मतपेटीत दुसरंच करतात?

पायवाट

बरंचसं उत्तर निवडणूक पद्धतीत आहे. ब्रिटनचं २००५ बघा. इराक युद्धामुळे टोनी ब्लेअर यांच्यावर त्यांच्याच पक्षातले लोक चिडलेले होते. लेबर पक्षाला मतं पडली ३५.२ टक्के आणि जागा मिळाल्या ६४६ पैकी ३५५. मत देणाऱ्या दर तीन माणसांमागे जवळजवळ दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, पण त्या 'दुसऱ्या कुणाला तरी'चं सरकार बनत नाही. कॅनडात तर जस्टिन ट्रूडो २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वेळा कॉन्झर्वेटिव्ह पक्षापेक्षा कमी मतं मिळवून पंतप्रधान राहिले (२०२१ मध्ये ३२.६ विरुद्ध ३३.७ टक्के).

प्रमाणशीर पद्धतीतही, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथेही, हे घडतं. इस्रायलमध्ये २०२२ साली संसदेत शिरायला किमान ३.२५ टक्के मतं लागत होती. मेरेट्झ हा डावा पक्ष ३.१६ वर अडकला, बलद हा अरब पक्षही खालीच राहिला. या दोघांना पडलेली सगळी मतं वाया गेली आणि नेतन्याहूंच्या आघाडीला १२० पैकी ६४ जागा मिळाल्या.

नाराज लोक बहुसंख्य असतात, पण ते एका रांगेत उभे नसतात. माझ्या मते यापलीकडे फार मानसशास्त्रात शिरायची गरज नाही.

प्रश्नावली

पायवाट यांचे आकडे बरोबर आहेत, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. फ्रान्समध्ये दुसऱ्या फेरीत दोनच उमेदवार असतात. तिथे मतविभागणीला जागाच नाही, तरी मॅक्राँ जिंकले. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं जनमत चाचण्यांसाठी मुलाखती घेण्याचं काम केलं. आधी घरोघरी जाऊन, पुढे फोनवर. आमच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न हमखास असत. एक, नेत्याच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का? दुसरा, आज निवडणूक झाली तर मत कोणाला द्याल? पहिल्याचं उत्तर पटकन यायचं, बहुतेक वेळा जोरात यायचं. दुसऱ्याला माणसं थांबायची. त्या थांबण्यात काय चाललंय ते कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण सांजवारा यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

एका बाईंनी मला नेत्याबद्दल इतकं सुनावलं होतं की मी पुढचा प्रश्न विचारायला कचरलो. महागाई, खोटी आश्वासनं, उर्मट भाषा, सगळं एका दमात. आणि मत? त्यालाच. कारण विचारायला आम्हाला मनाई होती, त्यांनी आपणहून सांगितलं. याचं वाईट किती वाईट आहे ते मला माहीत आहे, म्हणाल्या, त्या दुसऱ्याचं मला काहीच माहीत नाही. एका तरुणाने तर 'अत्यंत असमाधानी' नोंदवायला लावलं, कारण नेता पुरेसा कडक वागत नाही असं त्याचं म्हणणं होतं. विरोधकांना तो मत देणं कदापि शक्य नव्हतं.

आता बघा, या दोघांना वर्तमानपत्र 'असमाधानी' याच रकान्यात धरतं. त्याच रकान्यात नेत्याचे कट्टर विरोधकही असतात आणि राजकारणाचाच कंटाळा आलेले, मतदानाला न जाणारे लोकही असतात. चार वेगळ्या जातीच्या नाराजी एकत्र करून 'साठ टक्के जनता विरोधात' असा मथळा होतो. आकडा खरा असतो. त्याचा अर्थ मात्र मथळ्यात दिसतो तसा नसतो. लोक खोटंही बोलत नाहीत. दोन प्रश्नांना ते दोन खरी उत्तरं देतात.

घरच्या माणसांचा, म्हणजे नेत्याच्या स्वतःच्याच मतदारांचा, राग म्हणजे काय, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या १९४८च्या निवडणुकीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. त्या वर्षीच्या वसंतात त्यांच्या कामावर समाधानी असलेले अमेरिकन चाळीस टक्क्यांच्याही खाली होते. त्यांच्याच पक्षातून दोन गट फुटून स्वतंत्र उभे राहिले, दक्षिणेत स्ट्रॉम थर्मंड आणि डावीकडे हेन्री वॉलेस. पायवाट यांच्या हिशेबाने तर ट्रुमन हरायलाच हवे होते. कामगार संघटनाही त्यांच्यावर रागावलेल्या होत्या, कारण १९४६च्या रेल्वे संपात संपकऱ्यांना सैन्यात भरती करण्याचा अधिकार त्यांनी काँग्रेसकडे (अमेरिकेच्या संसदेकडे) मागितला होता. पण १९४७ मध्ये संघटनांचे हात बांधणारा टाफ्ट-हार्टली कायदा आला तेव्हा ट्रुमननी त्यावर नकाराधिकार वापरला. विरोधी रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या काँग्रेसने तो झुगारला, कायदा झाला, आणि कामगारांना कळलं की आपण ज्याच्यावर चिडलोय त्याच्या पलीकडे कोण उभं आहे. शरद ऋतूत धान्याचे भाव पडले, साठवणुकीची सोय अपुरी होती. ट्रुमन रेल्वेने गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सांगत राहिले की हे या निष्क्रिय काँग्रेसचं काम आहे. रागावलेले लोक हळूहळू घरी परतत होते. चाचणीवाल्यांनी मात्र रिपब्लिकन उमेदवार ड्यूई जिंकणारच असं धरून शेवटच्या दिवसांत विचारणंच थांबवलं होतं. शिकागो डेली ट्रिब्यूनने ड्यूईंच्या विजयाचा मथळा छापूनही टाकला. प्रत्यक्षात ट्रुमनना ४९.६ टक्के मतं मिळाली आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधीगणात ३०३.

आता ऑस्ट्रेलियाचं १९९३. हे उदाहरण मला ट्रुमनपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. पुढे पंतप्रधान झालेले पॉल कीटिंग अर्थमंत्री असताना मंदी आली आणि ही मंदी देशाला गरजेचीच होती अशा अर्थाचं ते बोलून गेले. लोकांनी ते वाक्य कधी विसरू दिलं नाही. निवडणुकीच्या वेळी बेकारी ११ टक्क्यांच्या आसपास होती. कीटिंग हरणार यात कुणाला शंका नव्हती. समोर जॉन ह्यूसन होते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, हुशार आणि प्रामाणिक. त्यांनी शेकडो पानांचा आर्थिक कार्यक्रम जाहीर केला, त्यात वस्तू आणि सेवांवर १५ टक्के नवा कर होता. निवडणुकीच्या थोडंच आधी टीव्हीवर त्यांना विचारलं की वाढदिवसाच्या केकवर हा कर कसा लागेल. ह्यूसन खरोखरच मन लावून उत्तर देत गेले. केक सजवलेला आहे का, त्यावर मेणबत्त्या आहेत का, असं करत ते गुंतत गेले, आणि ऐकणाऱ्याला एवढंच कळलं की काहीतरी महाग होणार आहे आणि किती ते या माणसालाही सांगता येत नाही. त्या दिवसापासून निवडणूक कीटिंगच्या कामावर राहिली नाही, ती ह्यूसनच्या करावर झाली. कीटिंग जिंकले, पूर्वीपेक्षा दोन जागा जास्त घेऊन.

आणि तीन वर्षांनी? १९९६ मध्ये तेच कीटिंग सपाटून हरले. विरोधकांच्या आघाडीने १४८ पैकी ९४ जागा घेतल्या. मधल्या काळात बेकारी कमीच झाली होती. मग १९९३चा राग कुठे होता? तो होता तिथेच होता. लोकांनी कीटिंगना माफ केलं नव्हतं, फक्त त्या वेळी राग काढण्याची किंमत त्यांना परवडत नव्हती. धरणामागे पाणी साठतं तसा तो साठत राहिला.

पुनर्निवडीला आपण जनतेची पसंती समजतो. हे फार घाईचं वाचन आहे. अनेकदा ती नुसती मुदतवाढ असते, आणि ते जिंकलेल्या नेत्याला सगळ्यात उशिरा कळतं.

सांजवारा

हे वाचून मॅक्राँचं कोडं मला जरा वेगळं दिसायला लागलंय. आकडे परत काढून बघितले. २०२२च्या दुसऱ्या फेरीत २८ टक्के मतदार आलेच नाहीत, आणि आलेल्यांपैकी तीस लाखांहून जास्त लोकांनी कोरी किंवा बाद मतपत्रिका टाकली. म्हणजे नोंदणी झालेल्या सगळ्या मतदारांत मॅक्राँना मत देणारे साधारण ३८.५ टक्केच होते. ५८ वरून एकदम ३८!

पण मग प्रश्न असा, की विरोधकांनी करायचं काय? लोकांचा लाडका नेता शोधून आणायचा?

प्रश्नावली

तुम्ही काढलेल्या आकड्याला एक पुरवणी जोडतो. निकालाच्या रात्री मॅक्राँनी भाषणात स्वतःच मान्य केलं की अनेकांनी त्यांच्या विचारांना नव्हे तर अतिउजव्यांना रोखायला मत दिलंय. आणि दोनच महिन्यांत, जून २०२२ मध्ये, संसदेच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ५७७ पैकी २४५ जागा मिळाल्या. बहुमताला २८९ हव्या होत्या. एप्रिलमध्ये ज्यांनी मन मारून मत दिलं होतं त्यांना जूनमध्ये मन मारायचं कारण उरलं नव्हतं. तिथे अतिउजव्या उमेदवार ल पेन राष्ट्राध्यक्ष होण्याची भीती नव्हती.

लाडक्या नेत्याबद्दल म्हणाल तर नाही, तशी गरज नसते. ब्रिटनमध्ये २०१७ साली जेरेमी कॉर्बिन यांच्या लेबर पक्षाला ४० टक्के मतं मिळाली, सभांना तरुणांची झुंबड उडत होती, तरी थेरेसा मे पंतप्रधान राहिल्या. २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांच्या लेबरला मिळाली ३३.७ टक्के आणि जागा आल्या ४११. स्टार्मरवर कुणी जीव ओवाळून टाकत नव्हतं. पण त्यांची भीती वाटावी असंही काही नव्हतं. कॉर्बिनवर प्रेम करणारे जसे भरपूर होते तसे त्यांना घाबरून दुसरीकडे एकवटणारेही भरपूर होते. ऑस्ट्रेलियात १९९६ला जिंकलेले जॉन हॉवर्ड हेही तसेच. त्यांनी ह्यूसनच्या चुकीवरून धडा घेऊन तो कर आपण कधीही आणणार नाही असं आधीच जाहीर केलं आणि प्रचारात फारसं काही अंगावर घेतलं नाही. (निवडून आल्यावर काही वर्षांनी, २०००च्या जुलैमध्ये, त्यांनी तो आणलाच. तो वेगळा विषय.)

ज्यांना राग आलाय पण धास्तीही वाटतेय, अशा माणसांची धास्ती आधी दूर करावी लागते. विरोधक बहुतेक वेळा त्यांचा राग वाढवण्यात सगळी शक्ती घालतात. तो आधीच पुरेसा असतो.

पायवाट

मानसशास्त्राची गरज नाही असं मी म्हटलं होतं, ट्रुमन आणि कीटिंग वाचून त्यात भर घालावी लागेल. पण काळाचा मुद्दा राहिलाय. लोक पाच वर्षांचा सरासरी हिशेब करत नाहीत, शेवटच्या वर्षाचा करतात. डिसेंबर १९८१ मध्ये गॅलपच्या चाचणीत मार्गारेट थॅचर यांच्यावर समाधानी होते फक्त २५ टक्के. मग अर्जेंटिनाविरुद्धचं फॉकलंड युद्ध झालं, महागाई खाली आली, आणि जून १९८३ मध्ये ३९७ जागा. तीस लाख लोक तेव्हाही बेकार होते. आणि गंमत नव्हे, खरंच लक्षात घ्यावं असं, की त्यांच्या पक्षाच्या मतांची टक्केवारी १९७९पेक्षा कमीच झाली होती, ४३.९ वरून ४२.४. विरोधी मतं लेबर आणि नव्या मध्यममार्गी आघाडीत जवळपास समसमान वाटली गेली. शेवटचं वर्ष आणि फुटलेले विरोधक, दोन्ही एकदम.

त्रिज्या

सगळे ब्रिटन-ऑस्ट्रेलियात रमलेत. मी तुर्कस्तानच्या राजकारणावर बरीच वर्षं लक्ष ठेवून आहे, आणि 'पर्यायाची भीती' हे उत्तर तिथे अपुरं पडतं हे मला सांगायचंय.

डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोलू यांना निवडणूक अधिकाऱ्यांचा अपमान केल्याबद्दल न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि राजकारणबंदी घातली. अपील बाकी होतं, पण विरोधकांतला सगळ्यात दमदार उमेदवार त्यामुळे टांगणीला लागला. सहा पक्षांच्या विरोधी आघाडीने उमेदवार जाहीर केला मार्चमध्ये, तोही आघाडीतल्या एका पक्षाच्या नेत्या मेराल आक्शेनर आघाडीतून बाहेर पडून परत आल्यानंतर. तोपर्यंत सरकारने निवृत्तिवेतनाची वयाची अट काढून वीस लाखांवर लोकांना लगेच निवृत्त व्हायची मुभा दिली होती, किमान वेतन वाढवलं होतं. निवडणुकीच्या तोंडावर घरगुती गॅस एक महिना फुकट केला. सरकारी वाहिनीवर एर्दोआन तासन्‌तास, विरोधक मिनिटांपुरते.

सांजवारा, भूकंपाबद्दल तुम्ही विचारलंत. केंद्रबिंदू होता त्या काहरामानमाराश प्रांतात एर्दोआनना सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली. बाहेरच्यांना हे पटतच नाही. पण तंबूत राहणाऱ्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवा. राष्ट्राध्यक्ष सांगतोय की वर्षभरात घरं बांधून देतो. यंत्रणा त्याच्या हातात आहे, बांधकाम सुरू झालेलं दिसतंय. सरकार बदललं तर यादीत आपलं नाव राहील का? शिवाय तो मुळात धार्मिक, त्यांच्या पक्षाला वर्षानुवर्षं मत देणारा भाग. विद्यापीठात डोक्यावर रुमाल बांधून बसू न देण्याचा काळ ज्या बायकांनी भोगलाय, त्यांच्यासाठी ती बंदी कुणी उठवली हे महागाईच्या दराइतकंच खरं आहे.

मैदान सपाट नसताना 'लोकांनी निवडलं' असं म्हणणं मला अर्धवट वाटतं.

प्रश्नावली

त्रिज्या, पूर्ण मान्य. माझी उदाहरणं ज्या देशांतली आहेत तिथे हरलेला नेता सामान बांधून निघतो आणि विरोधी उमेदवार तुरुंगात जात नाही. ते गृहीत धरूनच मी 'मुदतवाढ' म्हणतो.

तंबूतल्या कुटुंबाचं तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या त्या बाईंच्या उत्तराच्या फार जवळचं आहे. अवलंबून असणं आणि पसंत असणं वेगळं. चाचणीत मात्र दोन्ही एकाच नावापुढे खूण होऊन येतात. म्हणून चाचणी वाचताना मी समाधानाचा टक्का सोडून देतो. विरोधी उमेदवाराचं नाव घेऊन समोरासमोर विचारलेला प्रश्न आहे का ते बघतो, आणि नाराजांपैकी किती जणांनी मागच्या वेळी याच नेत्याला मत दिलं होतं ते शोधतो. हा दुसरा आकडा फार क्वचित छापतात. तो मोठा असेल तर नेता अजून हरलेला नाही असं मी समजतो.

सांजवारा

मग तुर्कस्तानात तो साठलेला राग पुढे कुठे गेला? की गेलाच नाही?

त्रिज्या

गेला. ३१ मार्च २०२४च्या स्थानिक निवडणुकांत. राष्ट्राध्यक्ष बदलण्याची जोखीम नव्हती, फक्त महापौर आणि नगरपरिषदा निवडायच्या होत्या. इमामोलूंच्या सीएचपी या विरोधी पक्षाला देशभरात ३७.८ टक्के मतं पडली, एर्दोआन यांच्या पक्षाला ३५.५. त्यांचा पक्ष सत्तेवर आल्यापासून पहिल्यांदाच मतांत दुसऱ्या क्रमांकावर गेला. महागाईत दबलेले निवृत्तिवेतनधारक, त्यांचेच जुने मतदार, घरी बसले किंवा दुसरीकडे गेले. अगदी प्रश्नावली यांनी सांगितलं तसंच, मे २०२३ नंतर दहा महिन्यांनी.

पण पुढचं मार्च २०२५ मध्ये घडलं. इमामोलू यांना १९ तारखेला ताब्यात घेतलं आणि २३ तारखेला तुरुंगात पाठवलं. त्याच दिवशी त्यांचा पक्ष त्यांना राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून निवडत होता. लाखो लोक मत द्यायला रांगेत उभे राहिले, त्यांत पक्षाचे सभासद नसलेलेही होते. पुढच्या निवडणुकीत त्यांचं नाव मतपत्रिकेवर असेल की नाही, हे आता मतदारांच्या हातात उरलेलं नाही.